दातांचे आरोग्य आणि कर्णोपकर्णी प्रसिद्धी

बाजारात नवे दंतमंजन आले की त्याची वार्ता लोकांपर्यंत दोन वाटांनी पोचते. एक वाट जाहिरातीची आणि दुसरी शेजारच्या घराची. जाहिरात देणारा आपला माल खपविण्यासाठी बोलत आहे, हे सर्वांस ठाऊक असते. म्हणून त्याच्या बोलण्यातील बराचसा भाग श्रोता मनातल्या मनात वजा करून घेतो. परंतु शेजारीण जेव्हा "आमच्याकडे सर्वांना गुण आला, तुम्हीही लावून पाहा" असे म्हणते, तेव्हा तशी वजाबाकी करण्याचे कोणास सुचत नाही. तिला त्यात काही मिळवावयाचे नसते आणि ती स्वानुभवाने बोलत असते. या दुसऱ्या वाटेने होणाऱ्या प्रसाराला कर्णोपकर्णी प्रसिद्धी म्हणतात. दंतवैद्याची निवड तर बहुधा याच वाटेने होते. भारतात दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेने जाहिरात करून रुग्ण मिळविणे हे अनैतिक ठरविले. तेव्हा 'कोणाकडे जावे?' या प्रश्नाचे उत्तर नात्यागोत्यातून किंवा, अलीकडे, इंटरनेटवर लिहिलेल्या अभिप्रायांतून शोधले जाते.

या प्रसाराचा शास्त्रीय अभ्यास बराच जुना आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील डिकेटर या शहरात १९४५ साली सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या. घरातील वस्तू, कपड्यांची पद्धत, चित्रपट आणि सार्वजनिक प्रश्न यांविषयीची आपली मते त्या कोणाच्या सांगण्यावरून बदलतात, हे त्यांत विचारले होते. एलिहू कॅट्झ व पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ साली या पाहणीचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. घरगुती वस्तूंच्या बाबतीत वर्तमानपत्र आणि रेडिओ यांच्यापेक्षा ओळखीच्या व्यक्तीच्या शब्दाचे वजन अधिक आढळले. हा शब्द कोणा श्रीमंत वा विद्वान व्यक्तीकडून येतो असे नव्हते. तो बहुधा आपल्याच थरातील, मोठ्या कुटुंबाचा संसार चालविणाऱ्या गृहिणीकडून येत असे.

इंटरनेटमुळे या बोलण्याचे स्वरूप पालटले. पूर्वी शब्द बोलला की विरून जात असे. आता तो लिहिला जातो, साठविला जातो आणि एक ते पाच तारकांच्या रूपाने मोजलाही जातो. बोलणारा मात्र अनोळखी झाला. ज्युडिथ शेव्हालिए आणि दीना मेझलिन या दोन संशोधिकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच पुस्तकाची दोन निरनिराळ्या इंटरनेट-दुकानांतील विक्री ताडून पाहिली. ज्या दुकानात पुस्तकाविषयीचे अभिप्राय सुधारले, तेथे त्याची विक्री दुसऱ्या दुकानाच्या मानाने वाढली. आणि पाच तारकांच्या स्तुतीने जेवढी वाढ होई, त्याहून अधिक परिणाम एका तारकेच्या निंदेचा होई. अनोळखी व्यक्तीचा शब्दही मनुष्य मानतो, एवढे यावरून सिद्ध झाले.

पुस्तकाच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. वाचणाऱ्यास पुस्तक आवडले की नाही हे त्याचे त्यालाच कळते, आणि तो तेच सांगतो. प्रश्न असा आहे की, दंतमंजन वापरणाऱ्यास अथवा दात भरून घेणाऱ्यास आपला दात वाचला की नाही हे कळते काय?

अर्थशास्त्राने या प्रश्नाची मांडणी फार उपयुक्त रीतीने केली आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंचे दोन प्रकार सांगितले. कापडाचा रंग व पोत विकत घेण्यापूर्वीच पाहता येतो. डब्यातल्या लोणच्याची चव मात्र ते घरी आणून खाल्ल्यावरच कळते. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ साली यांत तिसऱ्या प्रकाराची भर घातली. काही वस्तू व सेवा अशा असतात की, त्या वापरून झाल्यावरही त्यांचा खरा गुण वापरणाऱ्यास समजत नाही. यंत्र दुरुस्त करणाऱ्याने जो भाग बदलला तो खरोखरच बिघडला होता काय, हे यंत्राच्या मालकाला सांगता येत नाही; यंत्र चालू झाले एवढेच त्यास दिसते. अशा वस्तूंना 'विश्वासाच्या वस्तू' म्हणता येईल. विश्वासाच्या वस्तूबद्दल दिलेला अभिप्राय कितीही प्रामाणिक असला तरी तो तिच्या मुख्य गुणाविषयी मुकाच असतो. दातांची निगा बव्हंशी याच प्रकारात मोडते. आणि त्याचे कारण दाताच्या रचनेतच आहे.

दात कसा किडतो

दाताच्या बाहेरच्या आवरणास एनॅमल किंवा दंतवल्क म्हणतात. शरीरातील सर्वांत कठीण असा हा पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून झिजलेले दंतवल्क पुन्हा वाढत नाही; आणि त्यात मज्जातंतूही नसतात, म्हणून त्यास इजा झाली तरी ती दुखत नाही.

दातांवर सतत एक चिकट, पातळ थर साचत असतो. त्यात असंख्य सूक्ष्म जंतू वस्ती करतात. मनुष्याने साखर खाल्ली की हे जंतूही ती खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या सुमारास या थराचा सामू प्रत्यक्ष मोजून दाखविले की, साखरेच्या द्रावाने तोंड खळबळल्यावर तो काही मिनिटांतच झपाट्याने खाली येतो आणि पूर्वपदावर येण्यास अर्धा तास ते एक तास लागतो. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लाळेमुळे आम्ल हटले की त्यांतील काही खनिजे परत दातात बसतात. ही देवघेव दिवसातून अनेक वेळा चालते. मनुष्य दिवसभर थोडे थोडे गोड खात राहिला, तर देण्याचा काळ वाढतो आणि घेण्यास अवसर उरत नाही. तरीही दंतवल्कास भोक पडण्यास कित्येक महिने, पुष्कळदा दोन-चार वर्षेही लागतात. तोपर्यंत वेदना नाही, डाग असला तर फिकट पांढरा, आणि तोही आरशात न दिसणाऱ्या जागी. वेदना सुरू होते ती कीड आतल्या थरापर्यंत गेल्यावर.

आता पाहा की, आज सकाळी वापरलेल्या मंजनाचा परिणाम तीन वर्षांनी दिसणार. आणि त्या तीन वर्षांत त्या मनुष्याने खाल्लेली मिठाई, प्यालेले पाणी, त्याची लाळ व ब्रश धरण्याची त्याची रीत या सर्वांचा वाटाही त्या परिणामात मिसळलेला असणार. यातून मंजनाचा वाटा एकट्या वापरणाऱ्याने वेगळा काढणे अशक्य आहे. त्याला जाणवते ते वेगळेच. फेस आला, तोंड गार झाले, दुर्गंधी गेली, दात गुळगुळीत लागले, हे त्याला लगेच कळते. पुदिन्यातील मेंथॉलने तोंडाचे तापमान उतरत नाही. थंडीची जाणीव करून देणारे मज्जातंतू तेवढे उद्दीपित होतात. परंतु सांगावयास सापडते ती हीच जाणीव, आणि शेजारणीच्या तोंडून दुसऱ्या घरी जाते तीही हीच.

विक्रेत्यांना हे फार लवकर उमगले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पेप्सोडेंट या पेस्टचा प्रसार करताना क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातकाराने वाचकांस दातांवरून जीभ फिरवून पाहण्यास सांगितले. दातांवर एक बुळबुळीत पापुद्रा असतो, तो जिभेस लागतो, आणि ही पेस्ट तो काढते, असा त्याचा दावा होता. पापुद्रा खरा होता. तो दातांवर नेहमीच साचतो आणि नुसत्या ब्रशनेही बराचसा निघतो, ही गोष्ट मात्र जाहिरातीला सोयीची नव्हती. जिभेला प्रत्यय आला की ग्राहक स्वतःच साक्षीदार होतो. आणि साक्षीदार बोलल्यावाचून राहत नाही.

मंजनाचा खरा गुण शोधण्याची रीत निराळी आहे. शेकडो मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एका गटास फ्लोराइड असलेली व दुसऱ्यास नसलेली पेस्ट सारख्याच नळीतून देतात. कोणाची पेस्ट कोणती हे मुलांस ठाऊक नसते, आणि दात तपासणाऱ्या दंतवैद्यासही ते कळू देत नाहीत. दोन-तीन वर्षांनी दोन्ही गटांतील नव्या किडी मोजतात. अशा ७० चाचण्यांचा, म्हणजे ४२,००० हून अधिक मुलांचा, एकत्रित हिशेब २००३ साली कॉक्रेन या संस्थेच्या पाहणीत मांडण्यात आला. फ्लोराइडयुक्त पेस्टमुळे दात किडण्याचे प्रमाण सरासरीने सुमारे २४ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. हा फायदा मोठा आहे. तरीही एखाद्या आईला आपल्या मुलाकडे पाहून तो कधीच दिसणार नाही. कारण जो दात किडला नाही तो पेस्ट नसती तर किडला असता की नाही, हे तिला समजण्याचा मार्गच नाही. चांगल्या पेस्टची स्तुती या कारणाने फिकी राहते. अमेरिकेत फ्लोराइडयुक्त क्रेस्ट ही पेस्ट १९५६ साली सर्वत्र विक्रीस आली. परंतु तिचा खप खऱ्या अर्थाने उसळला तो १९६० साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने चाचण्या पाहून तिला मान्यता दिल्यानंतर. थोड्याच वर्षांत ती त्या देशातील सर्वाधिक खपाची पेस्ट झाली.

उलट उदाहरण कोळशाच्या पेस्टचे आहे. गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर काळ्या फेसाने दात घासणारे चेहरे आणि त्यानंतरचे शुभ्र हास्य यांची रेलचेल झाली. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या अशा ५० पेस्ट व चूर्णे आणि त्यांविषयीचे उपलब्ध संशोधन तपासले. त्यांच्या सुरक्षिततेस किंवा गुणकारितेस पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. कोळशाचे कण खरखरीत असले तर ते दातांवरील चहा-तंबाखूचे डाग खरवडून काढतात, आणि दात पहिल्या आठवड्यात उजळ दिसतात, यात खोटे काही नाही. अभिप्राय लिहिला जातो तो याच आठवड्यात. पुढे दंतवल्क झिजून पातळ झाले की त्याखालचा पिवळसर थर अधिक दिसू लागतो. त्या वेळी पहिला अभिप्राय खोडण्यास कोणी परत येत नाही.

मिश्रीची गोष्ट

हा दोष इंटरनेटने निर्माण केला असे कोणी समजू नये. लेखी अभिप्रायाच्या कितीतरी आधीपासून भारतात याचे याहून गंभीर उदाहरण घरोघर नांदत आहे.

महाराष्ट्रात तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून तिची पूड करतात व ती दातांस आणि हिरड्यांस लावतात. हीच मिश्री. बिहार व उत्तर प्रदेशाकडे याच जातीच्या तंबाखूच्या पुडीस गुल म्हणतात. गोव्यात तंबाखूची लापशी नळीत भरून दात घासण्यासाठी विकली जात असे. मिश्रीची जाहिरात कोणी केली नाही. ती आईकडून मुलीस, सासूकडून सुनेस आणि शेजारणीकडून शेजारणीस मिळाली. शेतावर जाणाऱ्या बाईची दाढ ठणकते. दंतवैद्य तालुक्याच्या गावी आणि मजुरी बुडवून तेथे जाणे परवडत नाही. कोणीतरी चिमूटभर मिश्री देते. दुखण्यावरचे लक्ष उडते, हुशारी वाटते, कामाला जाता येते. देणारीने लबाडी केलेली नसते आणि घेणारीचा अनुभवही खोटा नसतो. निकोटीनचा परिणाम काही मिनिटांत होतो, म्हणून प्रशंसाही तितक्याच त्वरेने पुढे जाते.

काही दिवसांत सकाळच्या एका चिमटीच्या दोन होतात, मग दुपारी एक लागते, आणि दात स्वच्छ करण्याचे निमित्त मागे पडून व्यसन उरते. दाढेची कीड मात्र तशीच वाढत असते. ती कळत नाही एवढेच. धूरविरहित तंबाखू मुखाच्या कर्करोगास कारणीभूत होते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदविले आहे. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे वजन इतरांपेक्षा सरासरीने १०५ ग्रॅमने कमी भरले. कर्करोग येतो तो पंधरा-वीस वर्षांनी, आणि अर्भकाच्या वजनातील घट तर तराजू व तुलनेचा गट असल्यावाचून दिसतच नाही. यांपैकी कोणतीही गोष्ट ओसरीवरच्या बोलण्यात 'मिश्रीचा परिणाम' म्हणून येणे जवळजवळ अशक्य होते.

भारत सरकारने १९९२ साली टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. कारखान्यातील मालावर ती लागू पडते. चुलीवरच्या तव्यापर्यंत कायद्याचा हात पोचत नाही. तेथे पोचू शकेल ते पुन्हा एखाद्या बाईचेच बोलणे. गावातीलच आरोग्य-कार्यकर्ती म्हणूनच या कामी उपयोगी पडते.

दंतवैद्याची परीक्षा

मंजन फार तर काही रुपयांचे असते. दंतवैद्याचा सल्ला चुकला तर निरोगी दात कोरला जातो, आणि कोरलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. या दृष्टीने स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे झालेला एक प्रयोग मननीय आहे. फेलिक्स गॉटशाल्क, वांडा मिम्रा आणि ख्रिस्तियान वाइबेल यांनी तो २०२० साली प्रसिद्ध केला. ज्याच्या दातातील कीड दंतवल्काच्या बाहेरच्या थरापुरतीच मर्यादित होती, आणि म्हणून ज्याचा दात भरण्याची गरज नव्हती, अशा एका मनुष्यास त्यांनी १८० दंतवैद्यांकडे पाठविले. बहुसंख्य दंतवैद्यांनी योग्य सल्ला दिला. परंतु सुमारे २८ टक्के भेटींत त्यास अनावश्यक उपचार सुचविण्यात आला. जे उपचार सुचविले गेले त्यांतही एकवाक्यता नव्हती.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष कर्णोपकर्णी प्रसिद्धीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ज्या दंतवैद्यांकडे लवकर वेळ मिळत असे, म्हणजे ज्यांच्याकडे काम कमी होते, तेथे अनावश्यक उपचार सुचविला जाण्याचा संभव अधिक आढळला. आता रुग्णाच्या बाजूने पाहावे. त्यास दुसऱ्याच दिवशी भेट मिळाली, क्ष-किरण चित्र दाखवून समजावून सांगण्यात आले, दात भरताना दुखले नाही आणि नंतरही दुखत नाही. तो पाच तारका देईल, आणि त्याच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. तो दात मुळात दुखतच नव्हता आणि भरला नसता तरी दुखला नसता, हे त्याला कोण सांगणार? 'थांबू या, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू' असे म्हणणाऱ्या दंतवैद्याविषयी मात्र लिहिण्यासारखे काहीच घडत नाही.

तारकांच्या सरासरीस आणखीही एक खोट आहे. एकाचे मत पाहून दुसरा आपले मत ठरवितो. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी एका वार्तास्थळावरील १,०१,२८१ प्रतिक्रियांवर प्रयोग करून २०१३ साली हे दाखवून दिले. ज्या प्रतिक्रियांस यदृच्छेने एक कृत्रिम अनुकूल मत आधीच देऊन ठेवले होते, त्यांचा अखेरचा गुणांक सरासरीने २५ टक्क्यांनी वाढला. आरंभी दिलेले प्रतिकूल मत मात्र पुढील वाचकांनी भरून काढले. पहिली चार स्तुतिपर मते दवाखान्याच्या मालकाने आपल्याच मंडळींकडून लिहवून घेतली तर त्यांचा प्रभाव किती दूरवर पोचेल, याची कल्पना यावरून येते. भारतीय मानक संस्थेने २०२२ साली 'आयएस १९०००' हे मानक याच हेतूने प्रसिद्ध केले; पालन आरंभी ऐच्छिक ठेवून. अभिप्राय लिहिणारी व्यक्ती खरी आहे याची खातरजमा करावी आणि विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असे ते सांगते. या मानकाने खोटा साक्षीदार वगळला जाईल. खऱ्या साक्षीदाराला जे दिसलेच नाही, ते त्याच्याकडून वदविण्याची सोय कोणत्याही मानकात असू शकत नाही.

मग अशा साक्षीला काहीच किंमत नाही काय? आहे, आणि एका बाबतीत ती मोठी आहे. पुष्कळ माणसे भीतीपोटी दंतवैद्याकडे जाण्याचे टाळतात आणि दात वाचविण्याची वेळ निघून गेल्यावर तो काढण्यासाठी जातात. "मी जाऊन आले, सुई टोचल्याचेही फारसे कळले नाही" हे बहिणीचे एक वाक्य येथे डॉक्टरांच्या दहा व्याख्यानांहून अधिक काम करते. दवाखान्याची स्वच्छता, डॉक्टरांचा स्वभाव, सांगितलेली व प्रत्यक्ष घेतलेली फी यांविषयीही रुग्ण अधिकाराने बोलू शकतो. दात भरावयाचा की नाही, हे त्या बोलण्यातून ठरत नाही. मोठा उपचार सुचविला गेला आणि वेदना नसली, तर तेच क्ष-किरण चित्र दुसऱ्या दंतवैद्यास दाखविता येते.

पेस्टच्या बाबतीत निर्णय करणारी माहिती नळीवरच बारीक अक्षरांत छापलेली असते. फ्लोराइड आहे काय व किती आहे, हे तेथे पाहावे. भारतातील नियमांनुसार टूथपेस्टमध्ये ते दहा लाख भागांत १,००० भागांहून अधिक असू नये. तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. थुंकून टाकण्यास मुलास शिकवावे लागते. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. देशातील अनेक जिल्ह्यांत विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यात निसर्गतःच फ्लोराइड अधिक असते आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे भारतीय मानक आहे. शहरातील नातलगाने भ्रमणध्वनीवरून पाठविलेला पेस्टविषयीचा सल्ला अशा गावास जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. तेथे आधी विहिरीचे पाणी तपासून घ्यावे लागते, आणि हे काम जिल्ह्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत होते.